अदृश्य बांधांची राखण

शेताचा बांध ही मोठी विलक्षण वस्तु आहे. हातभर रुंदीचा तो मातीचा पट्टा. त्यावर धान्य पिकत नाहीं, त्याचा खंड कोणी देत नाहीं, तरी सख्ख्या भावांचीं मनें दुरावण्यास तो पुरेसा होतो. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत चकलांबा नांवाचें गांव आहे. तेथें काय, किंवा मराठवाड्यांतील दुसऱ्या कोणत्याहि गांवीं काय, ‘बांध कोरणें’ या शब्दांचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. दर हंगामांत नांगराचें तास किंचित् बांधाकडे सरकवीत जावें, म्हणजे कांहीं वर्षांनीं शेजाऱ्याची वीत-दोन वीत जमीन आपल्या पिकाखालीं येते. मारामारी नाहीं, दरोडा नाहीं, कागदावर खाडाखोड नाहीं. पण अन्याय मात्र पुरा झालेला असतो.

याच तालुक्यांत, गोदावरीच्या कांठीं, राक्षसभुवन येथें १७६३ सालीं थोरल्या माधवरावांची व निजामाची लढाई झाली. पुढें १९४८ सालीं निजामी अंमल संपला, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. राज्यांच्या सीमा अशा वारंवार हालल्या. परंतु शेतकऱ्याच्या चित्तांत जिला खरी सीमा म्हणतां येईल ती त्याच्या शेताचीच. हें आमच्या प्राचीन धर्मशास्त्रकारांच्याहि ध्यानीं आलें होतें. व्यवहाराचीं जीं अठरा पदें मनूनें सांगितलीं आहेत, त्यांत सीमाविवाद हें एक आहे. आणि झाडें, तळीं, विहिरी यांसारख्या उघड खुणा सांगून तो थांबत नाहीं, तर हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे, विटा, वाळू अशा वस्तु जमिनींत पुरून गुप्त खुणाहि कराव्या असें सांगतो. उघडी खूण हलवितां येते, पुरलेली खूण सहसा कोणी हलवीत नाहीं, एवढा मनुष्यस्वभाव त्यास ठाऊक होता.

ही सर्व प्रस्तावना करण्याचें कारण असें कीं, आज आपल्या भोवतीं बांधांची एक नवी सृष्टि उभी राहिली आहे व तिच्या राखणीचा प्रश्न नीतीचा प्रश्न आहे असें आम्हांस वाटतें. सातबाराचा उतारा आतां डिजिटल स्वाक्षरीसह संगणकावरून मिळतो. विद्यार्थ्यांचीं गुणपत्रकें, दुकानदाराचा जमाखर्च, लग्नाचीं छायाचित्रें, ऊसतोडणीस परगांवीं गेलेल्या बापानें मुलास पाठविलेला आवाज, हें सारें कोठल्या ना कोठल्या डिस्कवर किंवा बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर लिहिलेलें असतें. हीं माध्यमें म्हणजे एक प्रकारचें शिवारच होय. त्याचेहि हिस्से पाडलेले असतात, त्यासहि बांध असतात, आणि त्या वांटणीचाहि एक दस्तऐवज असतो.

तो दस्तऐवज किती लहान असतो हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. १९८३ सालच्या मार्च महिन्यांत आय. बी. एम. कंपनीनें दहा मेगाबाइटांच्या हार्ड डिस्कसह आपला एक्स. टी. संगणक बाजारांत आणिला, आणि त्याबरोबर डिस्कचे विभाग पाडणारी ‘एफडिस्क’ ही आज्ञावली आली. डिस्कच्या अगदीं आरंभींच्या ५१२ बाइटांत वांटणीचा तक्ता ठेवावयाचा, त्यांत १६ बाइटांची एक अशा चार नोंदी असावयाच्या, अशी ती योजना होती. म्हणजे साऱ्या शिवाराचें वांटणीपत्र अवघ्या ६४ बाइटांचें! हा तक्ता अपुरा पडूं लागला तेव्हां ‘जीपीटी’ नांवाची नवी पद्धति आली. तिच्यांत सामान्यतः १२८ नोंदींस जागा असते. तक्त्याची एक प्रत डिस्कच्या मुखाशीं तर दुसरी अखेरीस ठेवितात. आणि मजकुरांत बिघाड झाला तर कळावें म्हणून एक पडताळ्याचा अंकहि लिहून ठेवितात. मनूच्या पुरलेल्या खापऱ्यांचेंच हें आधुनिक रूप म्हटलें तरी चालेल.

आतां दोष कोठें उत्पन्न होतो तें पाहूं. आज्ञावली हा तक्ता वाचावयास निघते तेव्हां तो संगणकाच्या चालू स्मृतींत उतरवून घेते व त्याकरितां स्मृतींत ठराविक जागा आंखून ठेविते. तक्त्याच्या शिरोभागीं ‘माझ्यांत इतक्या नोंदी आहेत, प्रत्येक नोंद इतकी लांब आहे’ असें लिहिलेलें असतें. आज्ञावलीच्या कर्त्यानें हें विधान प्रमाण मानलें, आंखलेल्या जागेशीं तें ताडून पाहिलें नाहीं, आणि तक्ता मात्र बिघडलेला अथवा कपटानें तयार केलेला निघाला, तर मजकूर आंखलेल्या जागेंत मावत नाहीं. तो शेजारच्या जागेंत लिहिला जातो. तेथें दुसऱ्याच कामाचा मजकूर असेल तर तो पुसला जातो. पुढें कोणती आज्ञा पाळावयाची ही खूण तेथें असेल तर ती बदलते, आणि परक्याची आज्ञा घरधन्याची म्हणून पाळली जाते. पडताळ्याचा अंक येथें उपयोगी पडत नाहीं, कारण ज्यानें जाणूनबुजून खोटा तक्ता रचला तो अंकहि जुळवूनच ठेवितो.

या वर्गांतील दोषांस स्मृतिसुरक्षेचे दोष म्हणतात. त्यांचे आणखीहि प्रकार आहेत. सोडून दिलेल्या शेतांत जुन्या वहिवाटीच्या जोरावर पुन्हां नांगर घालावा, तसें परत केलेल्या स्मृतीवर पुन्हां लिहिणें हा एक. एकच जमीन दोनदां विकावी, तशी एकच जागा दोनदां परत करणें हा दुसरा. डेनिस रिची यानें १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत घडविलेल्या ‘सी’ भाषेंत हीं कामें रोखणारा कोणी पहारेकरी नसतो. त्या भाषेनें लेखकावर पूर्ण विश्वास टाकला. आणि डिस्कची वांटणी करणाऱ्या बहुतेक जुन्या आज्ञावल्या त्याच भाषेंत किंवा तिच्या वंशांतील भाषांत लिहिलेल्या आहेत.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यांत निरनिराळ्या पद्धतींचे विभागतक्ते वाचणारे जे भाग आहेत, त्यांत २०११ सालीं असे दोष आढळून आले व ते दुरुस्त करण्यांत आले. ‘जीपीटी एफडिस्क’ हा आज्ञावलींचा संच अँड्रॉइड प्रणालीनें कार्डांचे तक्ते वाचण्यास घेतलेला आहे. त्यांतील एका दोषाची नोंद २०२० सालच्या व दुसऱ्याची २०२१ सालच्या अँड्रॉइड सुरक्षापत्रकांत झाली. पहिला मुख्य तक्ता उतरवून घेतांना होणारा, दुसरा पोटहिश्श्यांच्या नोंदी वाचतांना होणारा. आणि दोहोंचें कारण एकच दिलेलें आहे, तें हें कीं मर्यादेची तपासणी राहून गेली होती व त्यामुळें मर्यादेबाहेर लेखन होऊं शकत होतें. चकलांब्याच्या बाजारांत जो मनुष्य मित्राकडून आणलेलें कार्ड आपल्या फोनांत घालतो, त्यास या दोन वर्षांत या दोन नोंदी झाल्या हें कळण्याचा संभव नाहीं. परंतु त्याच्या घराचें दार यामुळें नीट बंद झालें, ही गोष्ट त्याच्या न कळण्यानें खोटी होत नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ज्या दोषानें अद्यापि कोणाचेंहि नुकसान झालेलें नाहीं, त्यास नैतिक दृष्ट्या दोष म्हणावें काय? पुष्कळ शहाणे लोक म्हणतील कीं, कर्माची परीक्षा फळावरून करावी. फळ वाईट नाहीं तर कर्म वाईट कसें? आम्हांस हें मत ग्राह्य वाटत नाहीं. वाटेच्या कडेला कोणी विहीर खणली व तिला कठडा बांधला नाहीं. दहा वर्षें तींत कोणी पडलें नाहीं. म्हणून तो मनुष्य निर्दोष ठरतो काय? पोर पडलें नाहीं हें पोराचें दैव. दुसऱ्याच्या दैवाची शिल्लक आपल्या नीतीच्या खात्यांत जमा धरतां येत नाहीं.

तथापि येथें दोष आणि अपराध यांत भेद केला पाहिजे. जें संकट कोणासच ठाऊक नव्हतें, त्याचा बंदोबस्त केला नाहीं म्हणून कोणास अपराधी म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु प्रस्तुत संकट अज्ञात नाहीं. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली हजारों संगणकांत शिरली. तिच्या वाटांपैकीं एक वाट अशी होती कीं, एका सेवेनें येणाऱ्या मजकुरासाठीं ५१२ बाइटांची जागा ठेविली होती, आणि आलेला मजकूर तितक्यांत मावतो कीं नाहीं हें पाहिलें नव्हतें. त्या दिवसानंतर ‘असें होईल हें आम्हांस ठाऊक नव्हतें’ ही सबब दुबळी झाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१९ सालीं सांगितलें कीं, दरवर्षीं तिला बुजवाव्या लागणाऱ्या सुरक्षाछिद्रांपैकीं सुमारें शेंकडा ७० याच एका जातीचीं असतात. ज्या खड्ड्यांत तीस वर्षें माणसें पडत आहेत, त्याच्या कांठीं दिवा न ठेवणें हें अज्ञान नव्हे. तो निष्काळजीपणा होय.

यावर एक आक्षेप असा येतो कीं, प्रत्येक पायरीवर मर्यादा तपासूं लागलों तर काम मंदावेल. या आक्षेपाचा निकाल टोनी होअर या इंग्रज पंडितानें १९८० सालच्या आपल्या ट्यूरिंग व्याख्यानांत सांगितलेल्या एका हकीकतीनें लागतो. एलियट कंपनीसाठीं ‘अल्गोल ६०’ या भाषेचें भाषांतरयंत्र तयार करतांना त्याच्या मंडळींनीं क्रमांकांच्या मर्यादेची तपासणी प्रत्येक वेळीं व्हावी असा नियम केला. पुढें त्यांनीं गिऱ्हाइकांस विचारलें, कीं वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय? गिऱ्हाइकांनीं एकमुखानें नकार दिला. चालू कामांत अशा चुका किती वेळां होतात हें त्यांनीं सोसलें होतें. नंतरच्या पिढ्यांतील भाषांच्या कर्त्यांनीं व वापरणाऱ्यांनीं हा धडा घेतला नाहीं याचें होअर यास वैषम्य वाटलें.

वेगाच्या या युक्तिवादांत एक नैतिक गफलत दडलेली आहे, ती आम्हांस मुद्दाम दाखवावीशी वाटते. तपासणी गाळल्यानें जो क्षणाचा अंश वांचतो तो लक्षावधि लोकांत वांटला जातो, इतका कीं कोणासहि त्याची जाणीव होत नाहीं. परंतु हानि होते तेव्हां ती वांटली जात नाहीं; ती एकाच घरावर सबंध कोसळते. ज्याची सारी छायाचित्रें किंवा साऱ्या वर्षाचा हिशेब एका रात्रींत नाहींसा होतो, त्यास ‘तुझ्या जिवावर आम्ही हा वेग विकत घेतों आहों’ असें कोणी विचारलेलें नसतें. गांवानें आपल्या सोयीचा रस्ता करावा आणि त्यासाठीं एकाच विधवेचें शेत तिला न विचारतां खोदावें, तसाच हा व्यवहार आहे. सर्वांच्या लाभाची बेरीज एकाच्या हानीहून मोठी दाखवून तो न्याय्य ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. या आज्ञावल्या बहुधा कोणी विकत दिलेल्या नसतात. ‘पार्टेड’ ही असो कीं ‘जीपीटी एफडिस्क’ असो, कर्त्यांनीं त्या जगास मोफत दिल्या आहेत, आणि सोबतच्या परवान्यांत स्पष्ट लिहिलें आहे कीं कोणत्याहि प्रकारची हमी नाहीं. जो फुकट देतो त्याच्याकडे जाब मागण्याचा अधिकार घेणाऱ्यास कसा पोंचतो?

आपल्याकडे उन्हाळ्यांत धर्मशील माणसें रस्त्यावर पाणपोई घालतात. पाणी प्यावयास कोणी बळजबरी करीत नाहीं, पैसा कोणी घेत नाहीं. तरी रांजणांत मेलेली पाल पडलेली दिसत असतां ‘पाणी फुकटचें आहे’ असें म्हणून पेला पुढें करणारा मनुष्य पुण्यवान ठरेल काय? दानानें किंमत मागण्याचा हक्क सोडला जातो; सत्याचें व सावधगिरीचें ऋण फिटत नाहीं. परवान्यांतील तें वाक्य न्यायालयासाठीं आहे, अंतःकरणासाठीं नव्हे. आणि जे चांगले कर्ते आहेत ते तसेंच समजून वागतात. दोष कळवितांच ते तो कबूल करतात, दुरुस्त करतात व काय झालें होतें तें उघड लिहून ठेवितात. त्यांच्यावर कायद्याची सक्ति नसते, म्हणूनच त्यांच्या या वर्तनास आम्ही नीति म्हणतों.

पण पाणपोईच्या दृष्टान्ताची दुसरीहि बाजू आहे, आणि ती लपविणें बरें नव्हे. एका वृद्धानें एकट्यानें घातलेल्या पाणपोईवर सारें बाजारगांव आपली तहान भागवूं लागलें, बाजूच्या धनिकांनीं आपल्या चाकरांसहि तेथेंच पाणी प्यावयास सांगितलें, तर रांजण घासण्याचें काम एकट्या त्या वृद्धाचेंच राहतें काय? २०१४ सालच्या एप्रिलांत ‘हार्टब्लीड’ या नांवानें गाजलेला स्मृतिदोष उघडकीस आला. ज्या ओपनएसएसएल आज्ञावलीवर जगांतील मोठमोठ्या पेढ्या व कंपन्या विसंबून होत्या, ती मूठभर माणसें तुटपुंज्या द्रव्यावर सांभाळीत होतीं असें त्या वेळीं दिसून आलें. मग मोठ्या कंपन्यांनीं लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयानें अशा कामांसाठीं निधि उभारला. आमचें म्हणणें असें कीं, जबाबदारी लाभाच्या प्रमाणांत वाढली पाहिजे. देणाऱ्यानें कळलेला दोष लपवूं नये, एवढें त्याचें कर्तव्य. पण न कळलेले दोष शोधण्याचा खर्च ज्यांनीं त्या दानावर संपत्ति उभारली त्यांनीं सोसावा, हा न्याय होय.

आतां तिसरा विचार. कित्येकांचें मत असें कीं, माणसांस सावधपणा शिकविण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. साधनच असें घडवावें कीं चूक होऊंच शकणार नाहीं. २०१५ सालच्या मे महिन्यांत जिची पहिली पक्की आवृत्ति निघाली ती ‘रस्ट’ भाषा या मताची प्रतिनिधि होय. तिचा मुख्य नियम ऐकून आमच्या शेतकऱ्यास हसूं येईल, इतका तो त्याच्या परिचयाचा आहे. प्रत्येक वस्तूचा मालक एक आणि एकच; ती पाहण्यास अनेकांस देतां येईल, परंतु बदलण्याचा अधिकार एका वेळीं एकासच; आणि मालक गेला कीं वस्तूवरचे सर्व हक्क संपले. हे नियम मोडणारें लिखाण भाषांतराच्या पायरीवरच परत केलें जातें. मर्यादेबाहेरील क्रमांकाचा प्रसंग काम चालू असतां आला, तर शेजारच्याची जागा बिघडविण्याऐवजीं काम तेथेंच थांबविलें जातें.

सद्गुणाऐवजीं कुंपण उभारलें म्हणून या मार्गास नाक मुरडणारेहि आहेत. चुकण्याची मोकळीक नसेल तर न चुकण्याची थोरवी कसली, असें ते विचारतात. हा प्रश्न तपस्व्याच्या बाबतींत शोभेल, परक्याचा ठेवा संभाळणाऱ्याच्या बाबतींत शोभणार नाहीं. ज्याच्या चुकीचें फळ दुसऱ्यास भोगावें लागतें, त्यानें स्वतःच्या चारित्र्याची कसोटी दुसऱ्याच्या मालमत्तेवर पाहूं नये. त्यानें कुंपण आनंदानें स्वीकारावें. मात्र कुंपणानें सर्व संपतें असेंहि नव्हे. रस्टमध्येंसुद्धां कांहीं ठिकाणीं ‘येथें माझ्यावर विश्वास ठेवा’ असें सांगून पहारा दूर ठेवण्याची सोय ठेवावी लागली आहे, कारण यंत्राच्या प्रत्यक्ष धातूशीं बोलतांना ती लागतेच. शिवाय वांटणी बरोबर कोठें करावी, कोणता हिस्सा पुसावा, हें कोणतीहि भाषा सांगूं शकत नाहीं. भाषा शेजाऱ्याचें शेत राखील. आपल्याच शेताचा चुकीचा तुकडा नांगरणाऱ्याचा हात ती धरणार नाहीं. साधनानें विवेकाचें क्षेत्र लहान होतें, नाहींसें होत नाहीं. आणि तें लहान झालें म्हणून उरलेल्या जागीं अधिक लक्ष देण्यास सवड मिळते, हा त्याचा खरा लाभ.

शेवटीं ज्या माणसांमुळें हा विचार सुचला त्यांविषयीं दोन शब्द. दोष निर्माण करणाऱ्याचें नांव कधीं कधीं इतिहासांत राहतें. त्याचा फायदा घेणाऱ्याचें तर हमखास राहतें. पण दोष बुजविणाऱ्याचें नांव बहुधा कोणास ठाऊक नसतें. पुष्कळ वेळां त्याची सारी कृति म्हणजे एक ओळ असते: सांगितलेली संख्या मर्यादेपेक्षां मोठी असेल तर येथेंच थांबावें. ती एक ओळ लिहिण्याआधीं त्यानें हजारों ओळी वाचलेल्या असतात, बिघडलेले तक्ते मुद्दाम तयार करून आज्ञावलीपुढें टाकलेले असतात, रात्री घालविलेल्या असतात. त्याचें यश असें कीं कांहींच घडत नाहीं. कवीला टाळी मिळते, वैद्याला बरा झालेला रोगी भेटतो; याला मात्र जें टळलें तें कधीं दिसतच नाहीं. निष्काम कर्माचें यापेक्षां शुद्ध उदाहरण आजच्या जगांत शोधूं गेल्यास सहज सांपडणार नाहीं.

अशा माणसांचें ऋण फेडण्याचा मार्ग साधा आहे. फोनवर दुरुस्तीची सूचना येते तेव्हां कपाळास आठी न घालतां ती दुरुस्ती घेणें, मोलाच्या लिखाणाची दुसरी प्रत निराळ्या जागीं ठेवणें, अनोळखी कार्ड अनोळखी पाहुण्याप्रमाणें विचारपूस करून घरांत घेणें, एवढें प्रत्येकास करतां येईल. महाराष्ट्राच्या १९६६ सालच्या जमीन महसूल संहितेनें हद्दीच्या खुणा शाबूत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावरच टाकली आहे. सरकारचा मोजणीदार खूण घालून जाईल, पण ती रोज पाहणारा धारकच. अदृश्य बांधांचाहि न्याय हाच आहे. ते घालणारे दूर देशीं असतील, त्यांची डागडुजी करणारे आपणांस कधीं भेटणार नाहींत. पण त्यांनीं घातलेली खूण आपल्या हयगयीनें वाहून गेली, तर बांध कोणी कोरला हें विचारण्याचा अधिकार आपल्याजवळ उरत नाहीं.